पेटी अकरा महिने बंद आहे

अहिल्यानगर जिल्ह्यातील एका वाचक बंधूंचे चार पानी पत्र आले आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा सारांश आधी देते. वय ४६. औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात १९ वर्षे लेथवर काम केले. पत्नीला कर्करोग झाला, सव्वा वर्ष एस.टी.ने पुण्याला खेपा घालून उपचार केले, आणि गेल्या वर्षी ती प्रभूजवळ गेली. त्यानंतर चार महिन्यांत कारखाना बंद पडला. घरात चौदा वर्षांची मुलगी आणि थकलेली आई आहे. हे बंधू रविवारच्या उपासनेला पेटी वाजवत असत. पत्नीच्या मातीनंतर ती उघडलेली नाही, त्याला अकरा महिने झाले. मध्यंतरी उपवास-प्रार्थनेसाठी बाहेरगावाहून आलेल्या एका उपदेशकांनी त्यांना सर्वांसमोर सांगितले की, विश्वास पुरेसा असता तर ताई बऱ्या झाल्या असत्या, घरात कोठे पाप दडले आहे का ते शोधा. तेव्हापासून प्रार्थना होत नाही.

पत्राच्या शेवटी ते लिहितात : “पहाटे तीनला जाग येते आणि वाटते की उद्या डोळे उघडलेच नाहीत तर बरे. देवाचा प्रत्येकाच्या जीवनात हेतू असतो असे लहानपणापासून ऐकत आलो. हाच तो हेतू असेल तर असा देव मला कसा आवडावा? आणि प्रार्थनाच होत नसेल तर मी ख्रिस्ती उरलो आहे का? परवा मुलीने विचारले, पप्पा, आपल्या घरी आता प्रार्थना करायचीच नाही का? मी उत्तर दिले नाही.”

प्रिय भाऊ,

प्रभूच्या नावाने सलाम.

तुमचे पत्र मी तीन वेळा वाचले आणि तिन्ही वेळा त्या पहाटे तीनच्या वाक्यापाशी थांबले, म्हणून बाकीचे बाजूला ठेवून आधी त्याविषयी लिहिते. झोप मोडणे, अन्नावरची वासना उडणे आणि आपण नसलो तर बरे असे वाटणे ही दुःखाने दमून गेलेल्या माणसाची लक्षणे आहेत, आणि त्यांवर उपचार आहेत. याच आठवड्यात जिल्हा रुग्णालयात किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा आणि तुम्ही मला लिहिलेले वाक्य त्यांना जसेच्या तसे सांगा; नुसते “झोप लागत नाही” एवढे सांगून परत येऊ नका. एखाद्या रात्री तो विचार अधिक जवळ आला, तर सकाळ होण्याची वाट न पाहता मंडळीतल्या एका माणसाला उठवा, आणि कोणाची झोपमोड करण्याचा संकोच वाटला तर १४४१६ या क्रमांकावर फोन करा. टेलिमानस नावाची ती शासनाची सेवा आहे, रात्रंदिवस चालते, तिला पैसे लागत नाहीत आणि मराठीतून बोलता येते.

डॉक्टरांकडे जाणे म्हणजे विश्वास सोडणे, असे कोणी तुम्हांला सांगितले तर एलीयाची आठवण ठेवा. कर्मेल डोंगरावर ज्याच्या प्रार्थनेने आकाशातून अग्नी उतरला, तोच संदेष्टा थोड्याच दिवसांत रानातल्या एका झुडपाखाली बसून देवाला म्हणाला की आता पुरे झाले, माझा प्राण घे. देवाने त्याला त्या वेळी एका शब्दाचाही उपदेश केला नाही. त्याला झोपू दिले. मग दूताने स्पर्श करून उठवले, तेव्हा उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे होते. तो जेवला आणि पुन्हा झोपला, आणि दुसऱ्यांदा उठवताना दूताने इतकेच सांगितले की खाऊन घे, वाट तुला झेपण्यापलीकडची आहे. देव बोलला तो त्यानंतर, अन्न आणि झोप पोटात आणि डोळ्यांत गेल्यावर. आणि प्रेषित पौलाबरोबर फिरणारा लूक वैद्य होता, हे पौलाने स्वतः आपल्या पत्रात लिहून ठेवले आहे.

आता त्या उपदेशकांविषयी. तो मजकूर वाचून मला राग आला आणि तो मी लपवत नाही. बायको गमावलेल्या माणसाला भर सभेत उभे करून त्याच्या घरातले पाप शोधायला सांगणे हे निष्ठुर तर आहेच, शिवाय ते शास्त्रालाही धरून नाही. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी प्रभूला हेच विचारले होते, की पाप कोणाचे, ह्याचे की ह्याच्या आईबापांचे. आणि प्रभूने दोन्ही नाकारले. शिलोहातला बुरूज कोसळून अठरा माणसे दगावली, तेव्हा ती यरुशलेमेतल्या इतरांपेक्षा अधिक अपराधी होती असे समजू नका, हेही त्याने स्पष्ट सांगितले. राहिला विश्वासाच्या मापाचा प्रश्न. विश्वास पुरेसा असला की मागितलेले मिळते, हा नियम खरा धरला, तर गेथशेमाने बागेत हा प्याला टळून जावो म्हणून विनवणाऱ्या प्रभू येशूचाच विश्वास तोकडा होता असे म्हणावे लागेल, आणि आपल्या शरीरातला काटा काढावा म्हणून तीनदा प्रार्थना करून तो काटा तसाच घेऊन जगलेल्या पौलाचाही. असे म्हणायला ते उपदेशक धजणार नाहीत, मग तुमच्याविषयी कसे धजले?

संकटांनी घेरलेल्या ईयोबाच्या मित्रांविषयी आपण मंडळीत नेहमी वाईट बोलतो, पण त्यांनी सुरुवातीला एक गोष्ट फार चांगली केली होती. ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले आणि एक शब्दही बोलले नाहीत. बिघडले ते त्यांनी तोंड उघडल्यावर. माझे यजमान गेले तेव्हा माझी मुले लहान होती, आणि भेटायला आलेल्या एका सद्गृहस्थांनी मला सांगितले की देवाला त्यांची अधिक गरज होती. त्या वाक्यामुळे मी कितीतरी दिवस देवावर रुसून होते. उलट आमच्या महिला मंडळातल्या एक वयस्कर बाई दर गुरुवारी दुपारी यायच्या, मी मेथीची जुडी घेऊन बसलेली असले तर अर्धी जुडी आपल्यापुढे ओढून निवडायला लागायच्या आणि पाने-काड्या वेगळ्या करून झाल्या की “येते” म्हणून उठायच्या. त्यांनी माझ्यासमोर एकही वचन म्हटल्याचे मला आठवत नाही. मंडळीत असे एक तरी माणूस असते, भाऊ. ते बहुधा व्यासपीठावर नसते, मागच्या बाकावर असते. त्याला शोधा, आणि त्या उपदेशकांचे शब्द घरात ठेवून घेऊ नका.

तुम्ही विचारता, प्रार्थना होत नसेल तर मी ख्रिस्ती उरलो आहे का. माझ्या मते तुमची प्रार्थना बंद पडलेली नाही. ती तुम्हांला प्रार्थना वाटत नाही, इतकेच. स्तोत्रसंहितेतली दीडशे स्तोत्रे एकदा या नजरेने चाळून पाहा. आपण उपासनेत उपकारस्तुतीची स्तोत्रे निवडतो, म्हणून ती सगळीच तशी आहेत असे वाटते. प्रत्यक्षात त्यांतली कितीतरी तक्रारीची आहेत. तेरावे स्तोत्र अवघे सहा ओव्यांचे आहे आणि त्याच्या पहिल्या दोनच ओव्यांत भक्त देवाला चार वेळा “कोठवर?” असे विचारतो. अठ्ठ्याऐंशीवे तर शेवटपर्यंत उजळतच नाही, ते अंधाराच्या शब्दावर संपते, आणि तरीही आपल्या पूर्वजांनी ते पवित्र शास्त्रातून काढून टाकले नाही. वधस्तंभावर प्रभूच्या तोंडून निघालेले “माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास” हे बाविसाव्या स्तोत्राचे पहिले वाक्य आहे. स्वतःचे शब्द संपले तेव्हा त्यानेही बालपणापासून पाठ असलेले दुसऱ्याचे शब्द घेतले. तुम्हीही तेच करा. पहाटे तीनला जाग आली की तेरावे स्तोत्र हळू आवाजात वाचा, त्यातला “कोठवर” तुमचाच आहे. तेवढेही झाले नाही, तर नुसते पडून राहा. आपल्याला काय मागावे हे कळत नाही तेव्हा पवित्र आत्मा आपल्यासाठी शब्दांत न मावणारे कण्हणे कण्हतो, असे पौलाने रोमच्या मंडळीला लिहिले आहे. पहाटेचा तुमचा उसासा म्हणूनच वाया जाणारा नाही.

आणखी एक. कफर्णहूमात एका पक्षाघाती माणसाला चौघांनी बाजेसकट उचलून आणले, गर्दीमुळे दारातून जाता येईना तेव्हा छप्पर उसकटून त्याला खाली सोडले. शुभवर्तमानात मार्क लिहितो की येशूने त्यांचा विश्वास पाहिला. खाटेवरच्या माणसाचा विश्वास किती होता याची तेथे कोणी चौकशी केलेली नाही. मंडळी या शब्दाचा अर्थ मला त्या गोष्टीत सापडतो. सध्या तुम्ही बाजेवर आहात. चार कोपरे धरणे हे इतरांचे काम आहे, आणि ते त्यांना करू देणे हे तुमचे. पाळकसाहेबांना स्वतः जाऊन सांगा की मला प्रार्थना जमत नाही, माझ्या वाटची तुम्ही म्हणत राहा. हे सांगायला लाज वाटेल. तरी सांगा.

आता हेतूचा प्रश्न. तुम्ही लिहिले आहे की बैठकीच्या भिंतीवर यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या एकोणतिसाव्या अध्यायातले अकरावे वचन चौकटीत लावलेले होते, देवाचे संकल्प हिताचे असतात आणि ते भावी सुस्थितीची आशा देतात असे सांगणारे; आणि त्याच्याकडे पाहवेना म्हणून तुम्ही ती चौकट भिंतीकडे तोंड करून ठेवली आहे. राहू द्या तशी. पण ते वचन ज्या पत्रातले आहे ते पत्र एकदा अथपासून इतिपर्यंत वाचा, कारण चौकटीत मावावे म्हणून आपण त्याच्या आजूबाजूचे सगळे छाटून टाकले आहे. इ.स.पूर्व ५९७ मध्ये यरुशलेमेतून बाबेलला धरून नेलेल्या लोकांना यिर्मयाने ते लिहिले. इकडे यरुशलेमेत हनन्या नावाचा एक संदेष्टा गोड बोलत होता की दोन वर्षांत सारे पूर्ववत होईल. यिर्मयाने कळवले, सत्तर वर्षे लागतील. म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना माघारी जाणे नशिबी नव्हते. मग त्यांनी काय करायचे? घरे बांधा, मळे लावा, त्यांची फळे खा, मुलाबाळांची लग्ने करा आणि ज्या शहरात तुम्हांला नेऊन टाकले त्याच शहराच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. आशेचे ते प्रसिद्ध वचन या सूचनांच्या मागून येते. सुटका लवकर आहे असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. परक्या मातीत रोप लावण्याची आज्ञा आणि आशा ही त्या पत्रात एकाच शाईने लिहिलेली आहेत.

तुमच्या पत्रात एक ओळ ओघात आली आहे, तुम्ही तिच्यापाशी थांबलेला नाहीत, म्हणून मी थांबते. जाण्याच्या दोन महिने आधी तुमच्या पत्नीने मुलीचा शाळेचा गणवेश स्वतः हाताने शिवायला घेतला आणि खाली चार बोटे कापड जास्तीचे दुमडून घातले, पुढच्या वर्षी मुलगी उंच होईल तेव्हा उसवून सोडता यावे म्हणून. त्या बाईला आपला आजार ठाऊक होता. पुढचे वर्ष आपल्याला दिसणार नाही हेही बहुधा ठाऊक होते. तरी तिने त्या वर्षासाठी चार बोटे कापड राखून ठेवले. ज्या घरात विश्वास नाही असा त्या उपदेशकांनी निकाल दिला, त्या घरात हे घडले आहे. मी यिर्मयाचे ते पत्र अनेकदा शिकवले आहे, पण त्याचा अर्थ इतका नेमका मला कोणी दाखवला नव्हता.

तेव्हा “हाच तो हेतू का” या तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर सरळ आहे : नाही. तुम्हांला काही शिकवावे म्हणून देवाने तुमची बायको नेली असे मी मानत नाही, आणि तसा देव मलाही आवडला नसता. पौल मृत्यूला देवाचा दूत म्हणत नाही, शेवटचा शत्रू म्हणतो. लाजराला आपण आत्ता उठवणार आहोत हे ठाऊक असतानाही प्रभू त्याच्या कबरेकडे जाताना रडला. मृत्यू ही देवाच्या मनासारखी गोष्ट असती तर ते अश्रू कशाचे? आपली आशा अशी आहे की हा शत्रू ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाने हरला आहे आणि तुमची पत्नी त्याच्या हाती सुरक्षित आहे. थेस्सलनीकाच्या मंडळीला पौलाने लिहिले ते नीट वाचले तर दिसते की त्याने शोक करू नका असे म्हटलेले नाही, आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका असे म्हटले आहे. रडण्याला मनाई नाही. अकरा महिने हा काही फार काळ झालेला नाही.

झालेल्या गोष्टीमागचा हेतू शोधणे सोडून द्या असे मी म्हणते, ते यासाठी की त्या शोधात माणूस एकतर देवाला दोषी धरतो किंवा स्वतःला. पण यापुढच्या दिवसांना हेतू लाभणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि ती बहुधा हळूहळू होते. येथे मला पंडिता रमाबाईंविषयी थोडे लिहिले पाहिजे. त्यांचे नाव आपण इतके घेतो की त्यांच्या आयुष्यातले मृत्यू मोजायचे राहून जातात. १८७४ च्या सुमारास दक्षिणेतल्या दुष्काळात तीर्थयात्रा करत फिरणाऱ्या या कुटुंबातले वडील अनंतशास्त्री डोंगरे उपासमारीने गेले, पाठोपाठ आई गेली, मग थोरली बहीण. रमाबाई तेव्हा सोळा-सतरा वर्षांच्या होत्या, तुमच्या मुलीहून थोड्या मोठ्या. भाऊ श्रीनिवास राहिला होता, तो १८८० मध्ये गेला. त्याच वर्षी विवाह झाला आणि १८८२ मध्ये पती पटकीने गेले. पदरात मुलगी मनोरमा, एक वर्षाचीही नव्हती. पुढच्या वर्षी इंग्लंडात वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. तेथून सारे उजळले असे आपण गृहीत धरतो. रमाबाईंनी स्वतः सांगितले आहे की बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी आपल्या लक्षात आले, की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता पण ख्रिस्त सापडलेला नव्हता. आठ वर्षे, भाऊ! आणि त्या आठ वर्षांत त्या स्वस्थ बसलेल्या नव्हत्या. १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू झाले ते याच काळात. मनात पूर्ण शांती आली नसताना त्यांनी ते काम उभे केले.

पण मला त्यांच्या चरित्रातले सर्वांत महत्त्वाचे वाटते ते पुढचे. १८९६-९७ च्या दुष्काळाच्या बातम्या आल्या तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या आणि भुकेने हाडे निघालेल्या मुली आणि विधवा शेकड्यांनी घेऊन आल्या. त्यांच्यासाठी केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. (तुमच्या नगरजवळचे केडगाव वेगळे, हे पुणे जिल्ह्यात दौंड तालुक्यातले.) त्या मुलींना पाहताच त्यांची अवस्था रमाबाईंना कोणी समजावून सांगावी लागली नाही, कारण वीस-बावीस वर्षांपूर्वी त्या स्वतः तशाच एका रस्त्यावर होत्या. देवाने या कामासाठी त्यांच्या आईवडिलांना उपाशी मारले असे म्हणणे मला सहन होत नाही. परंतु ती भूक देवाने फुकट जाऊ दिली नाही असे मी म्हणेन. या दोन वाक्यांत फार अंतर आहे. पुढे १९२१ मध्ये मनोरमाही आईच्या आधी गेली. रमाबाईंना तेव्हा ऐकू कमी येत होते, शरीर थकले होते, आणि संपूर्ण पवित्र शास्त्र साध्या माणसाला कळेल अशा मराठीत आणण्याचे त्यांचे काम चालू होते. एप्रिल १९२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी ते सोडले नाही.

हे वाचून तुम्हीही एखादे सदन उघडावे असे माझे म्हणणे नाही. तुमच्या मंडळीतल्या एका तरुणाच्या आईला नुकताच कर्करोग निघाला आहे, तो दोनदा तुमच्याकडे विचारपूस करायला आला आणि दोन्ही वेळा तुम्ही आतल्या खोलीत गेलात, असे तुम्ही लिहिले आहे. त्यात अपराध काही नाही. इतक्यात त्या रुग्णालयाच्या पायऱ्या पुन्हा चढण्याचे धाडस तुम्ही करू नये. पण कोणत्या खिडकीवर कोणता कागद लागतो, जन आरोग्य योजनेसाठी शिधापत्रिकेच्या किती प्रती नेल्या तर खेप वाया जात नाही, किरणोपचाराच्या दिवशी कोणती एस.टी. धरली तर परतताना आजारी माणसाला बसायला जागा मिळते, हे सव्वा वर्षात तुम्ही जे शिकलात ते त्या मुलाला आत्ता कोणीही सांगू शकणार नाही. एका कागदावर लिहून काढा आणि मुलीच्या हाती त्याच्याकडे पाठवून द्या. समोर जाऊ नका, बोलू नका, नुसता कागद पाठवा. देव आपल्या संकटात आपले सांत्वन करतो ते अशासाठी की संकटातल्या दुसऱ्याचे सांत्वन आपल्याला करता यावे, हे पौलाचे वाक्य मला पूर्वी फार उंचावरचे वाटत असे. आता मला वाटते की ते कधीकधी एका कागदावर मावते.

नोकरीविषयी तुम्ही दोनच ओळी लिहिल्या आहेत, पण मला त्यात एक गोष्ट खटकली. कारखान्याकडे तुमची ग्रॅच्युइटी अडकलेली आहे आणि “देव पाहून घेईल” म्हणून तुम्ही विचारायला गेला नाहीत. पाच वर्षांहून अधिक सलग नोकरी झालेल्या कामगाराचा ग्रॅच्युइटीवर कायद्याने हक्क असतो, तुमची तर १९ वर्षे झाली आहेत. नेमणुकीचे पत्र, पगाराच्या पावत्या आणि भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक घेऊन कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जा, जुन्या सोबत्यांना बरोबर घ्या. मजुराची मजुरी सूर्य मावळण्याआधी द्यावी अशी आज्ञा पवित्र शास्त्रातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात आहे, आणि अडवून ठेवलेल्या मजुरीची हाक प्रभूच्या कानी पोहोचते असे याकोब लिहितो. आपले हक्काचे मागणे हे विश्वासाच्या विरुद्ध नाही. आणि घरात पीठ-मिठाची अडचण असेल, तर मंडळीच्या मदतनिधीसाठी पाळकसाहेबांशी बोला. इतकी वर्षे तुम्ही त्यात दशांश टाकत आलात. तो असल्याच दिवसांसाठी असतो.

आता मुलीचा प्रश्न, ज्याला तुम्ही उत्तर दिले नाहीत. तुम्ही लिहिता की रात्री मुलगी ताट घेऊन टीव्हीसमोर बसते, आजी खाटेवर जेवते आणि तुम्ही ओट्याशी उभ्याने दोन घास खाता. अम्माऊसच्या वाटेवर निघालेले दोघे शिष्य आठवतात ना? “आम्हांला आशा होती,” असे ते म्हणतात, आणि मला त्यांच्या बोलण्यातला तो भूतकाळ नेहमी लागतो. तो परका वाटसरू त्यांना आधी सगळे बोलू देतो, मग शास्त्र उलगडून सांगतो, तरीही त्यांना तो ओळखू येत नाही. तो ओळखू आला ते संध्याकाळी एकत्र जेवायला बसल्यावर, भाकर मोडताना. म्हणून माझी पहिली विनंती प्रार्थनेची नाही, जेवणाची आहे. आज रात्री टीव्ही बंद करा, आईची खाट जरा ओढून घ्या आणि तिघेही एका ठिकाणी बसा. ताटे वाढून झाली की मुलीला खरे ते सांगा : पप्पांना सध्या प्रार्थना जमत नाही, तू म्हण, मी ऐकतो. ती गोंधळेल, कदाचित रविवारच्या शाळेत पाठ केलेली दोन वाक्येच म्हणेल, कदाचित मम्मीचे नाव घेताना तिचा आवाज जाईल. तुम्ही सावरायला घाई करू नका. शेवटी “आमेन” तेवढे म्हणता आले तर म्हणा, नाही आले तर आजी म्हणेल.

आणि पेटीविषयी. उपासनेत वाजवायला या असे कोणी म्हणाले तर निःसंकोच नाही म्हणा, त्याची घाई नाही. पण ऐन पावसाळ्यातही ती कपाटावर बंद पडून होती असे तुम्ही लिहिले आहे; भात्याच्या घड्या अशाने कडक होतात आणि सुरांच्या पट्ट्यांना ओल धरते, हे मी तुम्हांला सांगायला नको. एखाद्या दुपारी ती खाली काढा, कोरड्या फडक्याने पुसा, थोडा वेळ भाता नुसता हलवत बसा, सूर दाबू नका. मुलगी शेजारी येऊन बसली तर बसू द्या. डॉक्टरांकडे जाऊन आल्यावर मला दोन ओळी लिहा, आणि यंदा गणवेशाची ती चार बोटे सोडावी लागली का, तेही कळवा.

तुमची ताई